न्यू जर्सीच्या थंडीत टिकणारी जास्वंद: कुठली घ्यावी, कशी लावावी?

परसदार (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

घरामागे कुंपणालगत ५ फूट रुंद आणि २२ फूट लांब असा पट्टा मोकळा आहे. कुंपण पूर्वेला, त्यामुळे दुपारी बारापासून मावळतीपर्यंत चांगलं ऊन मिळतं. माती इथली ठरलेली: लाल, चिकण, पावसात बुटाला गोळे धरणारी आणि ऑगस्टात विटेसारखी टणक.

जास्वंद लावायची आहे, पण दर ऑक्टोबरात कुंडी उचलून घरात आणायची नाही. बर्फातही जमिनीतच राहील आणि उन्हाळाभर फुलेल असं झुडूप हवं. दुकानात सगळ्या कुंड्यांवर नुसतं 'हिबिस्कस' लिहिलेलं असतं आणि पानं बघावीत तर तीन कुंड्यांची तीन तऱ्हांची.

कुठली जात घ्यावी, या पट्ट्यात किती झाडं मावतील, आणि गणपतीला वाहायला लाल फूल मिळेल का? खड्डा कसा करायचा तेही सांगा. इथल्या मातीत याआधी लावलेली दोन झुडपं (जास्वंद नव्हे) मुळं कुजून गेली आहेत.

---

कात्रीवाली

तुम्ही पाहिलेली तीन तऱ्हांची पानं म्हणजे तीन वेगळी झाडं आहेत.

पहिली आपली देशी जास्वंद, हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. पान गडद हिरवं, जाडसर, चकचकीत. रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसखाली (५० फॅरनहाइट) गेलं की वाढ थांबते आणि कडक दहिवर पडलं की झाड जातं. मे महिन्यात सगळ्यात पुढे मांडलेली आणि फुलांनी लदलेली असते ती हीच. तुमच्या कामाची नाही.

दुसरी हिबिस्कस मॉशुटॉस. पान मोठं, मऊ, हृदयाच्या आकाराचं. फूल जेवणाच्या ताटलीएवढं, ८ ते १० इंच. ही झुडूप नव्हे. हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि मेअखेर मुळातून पुन्हा फुटते. मूळची अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दलदलीतली, न्यू जर्सीच्या खाडीकाठीही आपोआप उगवते.

तिसरी हिबिस्कस सिरियाकस, इथे जिला 'रोझ ऑफ शॅरॉन' म्हणतात. पान लहान, तीन बोटांसारखं कातरलेलं, कडा दातेरी, चकाकी नाही. खोड लाकडी. पानं झडतात पण फांद्या हिवाळाभर उभ्या राहतात. अमेरिकेच्या थंडीच्या नकाशातल्या ५ ते ९ विभागांत टिकते. एडिसन ७ मध्ये मोडतं, म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी उणे १२ ते उणे १८ अंशांची. एवढ्याने तिला काही होत नाही. काटक झुडूप हवं तर हीच. (नावात सीरिया आहे ते झाडाला शास्त्रीय नाव देणाऱ्या लिनियसच्या समजुतीमुळे. झाड मूळचं चीनचं, आणि दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल.)

आता लालबद्दल स्पष्टच सांगते: सिरियाकसमध्ये खरा लाल रंग नाही. पांढरा, गुलाबी, जांभळा, निळसर, आणि पांढऱ्या-गुलाबीवर मधोमध लाल डोळा, एवढेच. 'लुसी' नावाची दुहेरी पाकळ्यांची जात लाल म्हणून विकतात, पण ती गडद गुलाबी आहे. कुंडीवरच्या चित्रावर जाऊ नका, उमललेलं फूल बघून घ्या.

लालच हवं तर पट्ट्याच्या एका टोकाला हिबिस्कस कॉक्सिनियस लावा. अस्सल लाल, पाच पाकळ्या एकमेकींपासून सुट्या, मधून लांब तुरा बाहेर आलेला. देवघरातल्या जास्वंदीच्या सगळ्यात जवळचं फूल हेच. ६ ते ८ फूट वाढते, जुलै ते सप्टेंबर फुलते, तीही हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते. पानं हाताच्या पंजासारखी, लांब बोटांची. शेजारी येऊन 'हे गांजाचं झाड आहे का' विचारतील. शांतपणे फूल येईपर्यंत थांबायला सांगा.

सिरियाकसमधली निवड रुंदीवर करा. 'डायना' (शुभ्र पांढरी), 'हेलेन' (पांढरी, मधे लालसर किरमिजी), 'मिनर्व्हा' (फिकट जांभळी) आणि 'अफ्रोडाइटी' (गुलाबी) या चार जाती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अर्बोरेटममध्ये (वृक्षउद्यानात) डोनाल्ड एगॉल्फ यांनी काढल्या. गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे त्या जवळपास बी धरत नाहीत, आणि बी धरण्यात ताकद जात नाही म्हणून जास्त दिवस फुलतात. पण ८ फूट उंच आणि ६-७ फूट रुंद होतात. ५ फुटी पट्ट्यात अर्धं झाड कुंपणावर घासेल. 'पर्पल पिलर' आणि 'व्हाइट पिलर' खांबासारख्या सरळ वाढतात: उंची १० ते १६ फूट, रुंदी जेमतेम २-३ फूट.

माझी मांडणी: पिलर जातीची ५ झाडं ३-३ फुटांवर, पुढे ५ फूट सोडून टोकाला एक कॉक्सिनियस. आडोसा दाट नको असेल तर ४-४ फुटांवर चारच लावा. कुंपणापासून खोड किमान अडीच फूट आत.

---

कुदळ_फावडं

कात्रीवालींना अनुमोदन. मी फक्त खड्ड्याचं लिहितो, कारण मागची दोन झाडं कुठल्या जातीची होती यापेक्षा ती कशा खड्ड्यात गेली हे जास्त महत्त्वाचं.

खणण्याआधी ८११ वर फोन करा. जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या ओळी फुकट रंगवून देतात. न्यू जर्सीत किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. कुंपणालगतच केबल असते, आणि ती फारशी खोल नसते.

मग निचरा तपासा. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करून पाण्याने भरा आणि ते पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरून पट्टीने मोजा. तासाला एक इंच किंवा त्याहून जास्त उतरलं तर ठीक. अर्ध्या इंचाहून कमी उतरलं तर सपाट जमिनीत लावूच नका. ६ ते ८ इंच उंच आणि सगळ्या पट्ट्याच्या रुंदीचा वरंबा करा आणि झाडं त्यावर लावा.

खड्ड्याची खोली मुळांच्या गड्ड्याएवढीच, किंबहुना इंच-दीड इंच कमी. रुंदी मात्र गड्ड्याच्या अडीच ते तीन पट. तीन गॅलनच्या कुंडीला साधारण १० इंच खोल आणि अडीच फूट रुंद, बशीसारखा.

आणि इथेच बहुतेक झाडं मरतात. ओल्या चिकण मातीत फावडं मारलं की खड्ड्याची भिंत कुंभाराच्या मडक्यासारखी गुळगुळीत होते. बोट फिरवून बघा, चकाकते. त्या भिंतीतून मुळं आरपार जात नाहीत, आतल्या आत गोल फिरतात. काटेरी फावड्याने भिंत सगळीकडून ओरबाडून खडबडीत करा, आणि माती हातात चिकटत असेल तर त्या दिवशी खणूच नका.

दुसरी चूक: खड्डा कंपोस्टने किंवा विकतच्या भुसभुशीत मातीने भरणं. भोवती चिकण आणि मधे स्पंज, म्हणजे पावसाचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन साचतं. बादलीच ती. तुमची दोन झाडं अशीच गेली असण्याची दाट शक्यता आहे. खणलेलीच माती ढेकळं फोडून परत भरा. कंपोस्ट द्यायचंच तर दोन इंचाचा थर सगळ्या पट्ट्यावर पसरून वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा.

झाड कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसतील. धारदार सुरीने गड्ड्याच्या बाजूंना वरून खाली तीन-चार चिरा द्या, एक इंच खोल. जीव घाबरतो, पण द्या. खोडाचा बुंधा जिथे फाकून मुळांत शिरतो ती जागा उघडी, जमिनीपासून इंचभर वर दिसली पाहिजे. नर्सरीच्या कुंडीत ती बहुधा मातीखाली गाडलेली असते, वरची माती खरवडून शोधा.

माती अर्धी भरली की पाणी ओता, जिरू द्या, मग उरलेली भरा. पायाने तुडवू नका. वर लाकडाच्या भुग्याचं किंवा सालींचं आच्छादन २ ते ३ इंच, खोडापासून ३ इंच लांब. खोडाला टेकवून आच्छादनाचा डोंगर करायची इथली पद्धत दिसते तिकडे दुर्लक्ष करा. साल ओली राहून कुजते आणि हिवाळ्यात उंदीर तिथेच घर करतात.

पाणी: तीन गॅलनच्या झाडाला एका वेळी ७-८ लिटर, हळूहळू. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी, नंतर पाऊस धरून आठवड्याला एक इंच. घड्याळ लावून पाणी घालण्यापेक्षा बोट दोन इंच खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. पहिला सगळा उन्हाळा हे सांभाळावं लागतं, दुसऱ्या वर्षापासून फक्त कोरड्या आठवड्यांत.

लावायची वेळ: एप्रिलअखेर ते मेअखेर, किंवा सप्टेंबर. ऑक्टोबरच्या मध्यानंतर नको, कारण जमीन गोठायच्या आधी मुळांना किमान सहा आठवडे मिळायला हवेत. जुलैतही लावता येते, फक्त मग महिनाभर सुट्टीवर जाऊ नका.

खत पहिल्या वर्षी काहीच नाही. दुसऱ्या वर्षापासून एप्रिलमध्ये १०-१०-१० (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) दर १० चौरस फुटांना ४५ ग्रॅमच्या आसपास, एकदाच. जुलैच्या मध्यानंतर नत्र अजिबात देऊ नका, उशिराची कोवळी फूट थंडीत काळी पडते. 'भरघोस फुलांसाठी' म्हणून विकतात ती जास्त स्फुरदाची खतं जास्वंदीला नकोत. स्फुरद जास्त झालं की लोह उचलायला अडथळा येतो, आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मातीचा सामू (पीएच) ५.५ ते ७.५ चालतो. शंका असेल तर रटगर्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत नमुना पाठवा. चुना घालायचा की नाही याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

---

परसदार

खूप आभार. ८११ आणि चकाकणारी भिंत, दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या.

आणखी तीन शंका. (१) छाटणी कधी आणि किती? (२) गणपती कधी ऑगस्टात येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. फुलं तोपर्यंत टिकतील का? (३) ओळखीत एकाने मागच्या वर्षी लावलेलं झाड मेच्या दुसऱ्या आठवड्यात 'मेलं' म्हणून उपटून टाकलं. हे इतक्या सहज मरतं का?

---

कात्रीवाली

तिसऱ्यापासून सुरू करते. ते झाड बहुतेक जिवंत होतं. सिरियाकस सगळ्यात उशिरा जागी होते. लायलॅक फुलून गेलेला असतो, मेपल पूर्ण हिरवा असतो, आणि ही मेच्या मध्यापर्यंत वाळक्या काटक्यांसारखी उभी. थंड वसंतात मेचा शेवटचा आठवडाही उजाडतो. उपटण्याआधी नखाने सालीवर एक बारीक ओरखडा काढा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं लागलं तर थोडं खाली सरकून पुन्हा बघा. शेंडे वाळून खालचं खोड जिवंत असणं नेहमीचंच, तेवढेच शेंडे काढा. कॉक्सिनियस आणि मॉशुटॉस तर जमिनीवर काहीच दाखवत नाहीत. म्हणून त्यांचे वाळके दांडे शरदात मुळापासून कापू नका; ५-६ इंचाचे खुंट ठेवा, नाहीतर वसंतात तिथेच कुदळ बसते. कॉक्सिनियसच्या खुंटांवर डिसेंबरात ४-५ इंच सुक्या पानांचा थर द्या.

छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्च. फुलं त्या वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे जुनी फांदी कापल्याने फूल बुडत नाही. पहिली दोन वर्षं फक्त मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. तिसऱ्या वर्षापासून सगळ्यात जुन्या खोडांपैकी पाव ते तृतीयांश बुंध्यापासून. काही जण मागच्या वर्षीची प्रत्येक फांदी दोन-तीन डोळ्यांवर आणतात. फुलं मोठी मिळतात पण संख्येने कमी, आणि लांब सपसप फांद्या पावसाच्या वजनाने वाकतात. मला ती पद्धत पटत नाही. पिलर जातींना तर ती करूच नका: शेंडा कापला की चार बाजूंना फुटतात आणि खांबाची केरसुणी होते.

गणपतीचं गणित असं. फुलं जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात, भर जुलैअखेर ते ऑगस्ट, आणि सप्टेंबरात विरळ होत जातात. एक फूल एकच दिवस. संध्याकाळी विडीसारखी सुरळी होऊन दुसऱ्या दिवशी गळतं. कळ्या फांदीवर खालून वर क्रमाने उमलतात, म्हणून हंगाम लांबतो. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तशा वर्षी काहीच करावं लागत नाही. २०२६ सारखी १४ सप्टेंबरला आली तर जूनच्या पहिल्या आठवड्यात निम्म्या फांद्यांचे शेंडे दोन-तीन पानांसकट खुडा. खुडलेल्या जागेखालून नवी फूट येते आणि तिच्यावरच्या कळ्या साधारण दोन आठवडे मागे पडतात. कॉक्सिनियसलाही हेच चालतं. सगळ्या फांद्या मात्र खुडू नका, जुलैची शोभाही हवी ना.

पूजेसाठी फूल सकाळी सात-आठला, पूर्ण उमलायच्या आत काढा. फ्रिजमध्ये ठेवून आदल्या दिवशीचं वापरायचा प्रयत्न फुकट जातो.

---

थेम्सकाठ (लंडन)

इकडच्या कोणी हे वाचून खरेदीला निघालं तर एक इशारा: ब्रिटनमध्ये 'रोझ ऑफ शॅरॉन' म्हटलं की हायपेरिकम देतात, पिवळ्या फुलांचं बुटकं झुडूप. इथे नाव 'हिबिस्कस सिरियाकस' असंच सांगायचं.

थंडीने ती इथे मरत नाही. अडचण उन्हाळ्याची आहे. ऊब कमी पडते, त्यामुळे फुलं ऑगस्टात सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीलगत लावा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. दुहेरी पाकळ्यांच्या जाती टाळा: ओल्या ऑगस्टात कळ्या न उघडताच तपकिरी लगदा होतात. एकेरी 'वाझो ब्ल्यू' (दुकानात 'ब्लू बर्ड'), 'वुडब्रिज' आणि 'रेड हार्ट' खात्रीच्या. छाटणी इथे मार्चअखेर.

---

मावा_मारक

कीड-रोगांचं कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. न्यू जर्सीत राहून जास्वंद लावताय म्हणजे जपानी भुंग्याशी गाठ आहेच. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तोच न्यू जर्सीत, १९१६ मध्ये, रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत. नखाएवढा, डोकं चमकदार हिरवं, पाठ तांब्याच्या रंगाची. जूनअखेर जमिनीतून बाहेर येतो, जुलैभर धुमाकूळ, ऑगस्टअखेर संपतो. पानांची जाळी करतो आणि उमललेल्या फुलात घुसून पाकळ्या कुरतडतो.

उपाय कंटाळवाणा पण खरा: सकाळी सातच्या आत एका डब्यात लिटरभर पाणी आणि चमचाभर भांड्यांचा साबण घ्या, फांदीखाली धरा आणि टिचकी मारा. थंड वेळी ते उडत नाहीत, सरळ खाली पडतात. पहिल्या दोन आठवड्यांत रोज केलं तर नंतर संख्या कमी राहते, कारण खाल्लेल्या पानांचा वासच बाकीच्यांना बोलावतो. गंधाचे पिवळे सापळे आपल्या आवारात लावू नका. ते पकडतात त्यापेक्षा जास्त भुंगे लांबून ओढून आणतात.

मे-जूनमध्ये कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, पानं आक्रसतात, मुंग्यांची रांग दिसते. पाण्याचा जोरदार फवारा खालून वर, तीन दिवसांच्या अंतराने तीनदा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

कॉक्सिनियस आणि मॉशुटॉसवर एक वेगळी अळी येते, सॉफ्लायची. हिरवट, बारीक, पानाच्या खालच्या बाजूला. आठवड्याभरात पानाच्या फक्त शिरा उरतात. दुकानदार बीटी (जिवाणूंपासून केलेलं कीटकनाशक) देईल, घेऊ नका. बीटी फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांवर चालतं, आणि ही त्या कुळातली नाही. पानं उलटून चिरडा, जास्त असतील तर कीटकनाशक साबण खालच्या बाजूने, संध्याकाळी.

मुळाशी ओतायची इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिक (निओनिकोटिनॉइड गटातली) कीटकनाशकं विसरा. ती परागात उतरतात आणि जास्वंदीवर दिवसभर मधमाश्या असतात. न्यू जर्सीत २०२३ पासून घरगुती बागेत त्यांना बंदीही आहे.

कळीगळ ही या झाडाची सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार. गळलेली कळी उचला, पांढऱ्या कागदावर नखाने उघडा आणि झटका. आत सुईच्या टोकाएवढ्या फिकट रेघा सरपटताना दिसल्या तर फुलकिडे. गळालेल्या कळ्या रोज वेचून कचऱ्यात टाका (कंपोस्टमध्ये नाही), आणि झाडावर साबणाचा फवारा. आत काहीच नसेल तर कारण पाण्यात आहे: आठवडाभर कोरडं आणि मग एकदम भरपूर, असं झालं की झाड कळ्या सोडून देतं. तुमच्या विटेसारख्या मातीत ऑगस्टात हेच होईल, आच्छादन पातळ ठेवलंत तर. पानं मोठी, गडद, लुसलुशीत आणि कळ्याच नाहीत, असं असेल तर नत्र जास्त. शेजारच्या लॉनचं खत कुंपणाखालून येतंय का तेही बघा.

सशांचं विसरू नका. पहिली दोन-तीन वर्षं ते हिवाळ्यात बुंध्याची साल गोल कुरतडतात. पूर्ण वेढा खाल्ला तर वरचं झाड गेलं. पाव इंच छिद्रांची जाळी बुंध्याभोवती, दोन फूट उंच, खोडापासून दोन-तीन इंच सुटी. हरणं कोवळी फूट खातात. पाठीमागे रान असेल तर पहिल्या वर्षी कुंपणाची जाळी हवीच.

---

बी_बियाणं

पिलर किंवा 'डायना' न घेता कोणाच्या अंगणातलं फुकटचं रोप आणायचा विचार असेल तर आधी हे वाचा. साधी सिरियाकस बोंडं धरते, ती ऑक्टोबरात तपकिरी होतात आणि पाच भागांत तडकतात. बी चपटं, वाटाण्यापेक्षा लहान, कडेला तपकिरी केसांची झालर. पुढच्या मेमध्ये झाडाखाली मेथी पेरल्यासारखी रोपं दिसतील. बोटभर असताना उपटली तर निघतात. फूटभर झाली की सोटमूळ खोल जातं आणि फावडं लागतं. अशी झाडं असतील तर बोंडं हिरवी असतानाच छाटून टाका. शिवाय बियांपासून आईसारखाच रंग येईल याची खात्री नाही, आणि पहिलं फूल दोन-तीन वर्षांनी.

आवडलेल्या रंगाचं झाड वाढवायचं तर छाट कलम सोपं. जूनअखेर ते जुलै, कळी नसलेला या वर्षीचा कोवळा पण वाकवल्यावर कडक लागणारा शेंडा, ४ ते ६ इंच. पेराच्या लगेच खाली तिरका काप, वरची दोन पानं ठेवून बाकी काढा, तीही अर्धी कापा. मुळं फुटायला मदत करणारी संजीवकाची पूड लावून पर्लाइट आणि पीट निम्मं-निम्मं अशा मिश्रणात खोचा. वर पारदर्शक पिशवी, पण पानाला टेकणार नाही अशी. उजेड हवा, थेट ऊन नको. पाच ते आठ आठवड्यांनी हलकेच ओढून बघा. धरून ठेवलं तर मुळं फुटली. पहिला हिवाळा कुंडीतच, न तापवलेल्या गॅरेजमध्ये, महिन्यातून दोनदा घोटभर पाणी.

मात्र कुंडीच्या चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक असेल तर कलम करणं बेकायदा आहे, स्वतःच्या अंगणासाठीसुद्धा. झाडांचं पेटंट अर्ज केल्यापासून २० वर्षांचं असतं. 'डायना', 'ब्लू बर्ड' वगैरे जुन्या जाती मोकळ्या आहेत.

---

सदाशिवपेठी

पुण्यात कुंडीत चालेल का ही निळी जास्वंद? आणि केसांच्या तेलाला पानं चालतात का?

---

कात्रीवाली

पुण्यात जगेल, पण तिला पानगळ करून झोपायला थंडी हवी असते. ती न मिळाल्यास वाढ अर्धवट आणि फुलं तुरळक. जिथे साधी जास्वंद बारा महिने फुलते तिथे हिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. कुंडीत लावलीच तर पिठ्या ढेकूण मात्र न बोलावता येतील.

पानं चिकट असतात, खाण्याजोगीही आहेत, त्यामुळे तेलाला चालतील. फक्त विकत आणलेल्या झाडाची पहिल्या वर्षी वापरू नका. नर्सरीत कुठलं औषध दिलंय ते कळत नाही आणि झाडाच्या आत भिनणारं (आंतरप्रवाही) औषध धुऊन जात नाही.

---

परसदार

ठरवलं ते असं: 'पर्पल पिलर' तीन आणि 'व्हाइट पिलर' दोन, आलटून पालटून ३ फुटांवर, उत्तरेच्या टोकाला कॉक्सिनियस. आज निचऱ्याचा खड्डा करून पाहिला: दुसऱ्यांदा भरल्यावर तासात पाव इंच उतरलं. म्हणजे वरंबा. ५ फूट बाय २२ फूट बाय ८ इंच म्हणजे माती किती मागवू?

---

कुदळ_फावडं

५ × २२ × ०.६७ म्हणजे सुमारे ७४ घनफूट, २७ ने भागा, पावणेतीन घनयार्ड. कडा उतरत्या ठेवायच्या असल्याने थोडी कमी लागेल, पण माती बसतेही, म्हणून तीन मागवा. 'टॉपसॉइल' मागा, 'गार्डन मिक्स' नको, त्यात निम्मं कंपोस्ट असतं आणि दोन वर्षांत वरंबा खाली बसतो. टाकण्याआधी खालची लाल माती काटेरी फावड्याने ६ इंच उकरा आणि नव्या मातीचा पहिला थर तिच्यात मिसळा, नाहीतर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं. वरंबा लाकडी कुंपणाला टेकवू नका, ६ इंच मोकळी चर ठेवा. फळ्या कुजणार नाहीत आणि पाणी तिथून निघून जाईल.